संकट, क्रायसिस आणि विवेक

(शाळेच्या हीरक महोत्सवाच्या सांगता समारंभात, माजी विद्यार्थी व पालक यांच्या मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठ वर्षे पूर्ण केलेल्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने अशा दिवशी कृतज्ञता व्यक्त करावी, जुन्या गुरुजनांचे स्मरण करावे आणि शाळेच्या यशाचा आलेख मांडावा, असा प्रघात आहे. माझ्या आधीच्या वक्त्यांनी ते काम माझ्यापेक्षा सुंदर केले आहे. त्यामुळे मला एक सवलत मिळाली आहे, ती मी एका शब्दासाठी वापरणार आहे.

गेली काही वर्षे या आवारात एक वाक्य माझ्या कानांवर सतत पडते. पालकसभेत पडते, शिक्षकांच्या खोलीत पडते, आणि आज सकाळपासून आपल्यापैकी अनेकांच्या तोंडूनही मी ते ऐकले: “बाई, मराठी शाळांवर संकट आलं आहे.” काही जण इंग्रजी शब्द वापरतात, “क्रायसिस आहे.” दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, असे आपण धरून चालतो. भाषेच्या शिक्षिकेला मात्र शब्द उघडून पाहण्याची खोड असते. हे दोन शब्द उघडून पाहिले, तेव्हा त्यांत दोन अगदी निराळ्या गोष्टी सापडल्या. त्या फरकात आपल्या शाळेचे पुढचे बरेच काही दडलेले आहे, असे मला वाटते.

प्रथम आपला शब्द घेऊ. ‘संकट’ हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द. ‘सम्’ या उपसर्गाला ‘कट’ हा प्रत्यय लागून तो सिद्ध होतो. प्रकट, उत्कट, विकट ही त्याची भावंडे; पाणिनीने या भावंडांची व्यवस्था एकाच सूत्रात लावून दिली आहे. संकट या शब्दाचा मूळ अर्थ अरुंद, दाटीचा, चिंचोळा. आधी ते वाटेचे विशेषण होते. मग त्या वाटेत सापडलेल्या माणसाच्या स्थितीचे ते नाव झाले. दोन्ही बाजूंना कडा, पुढे जाता येत नाही, मागे वळायला जागा नाही. सह्याद्रीच्या खिंडी ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या शब्दाचे चित्र निराळे काढून दाखवायला नको.

त्याच्या शेजारचे शब्दही पाहण्यासारखे आहेत. ‘आपत्ती’ हा ‘पद्’ या धातूपासून आला. अंगावर येऊन पडते ती आपत्ती. गंमत अशी की ‘संपत्ती’ही त्याच धातूची मुलगी आहे. ‘अरिष्ट’ या शब्दाने तर दोन टोके कवेत घेतली आहेत. आयुर्वेदात रोग्याच्या शरीरावर उमटणाऱ्या मृत्यूच्या पूर्वचिन्हांना अरिष्ट म्हणतात, आणि बाळंतिणीच्या उशाशी असलेल्या बाटलीतले दशमूलारिष्ट हेही अरिष्टच. ‘पेच’ फारसीतून आला. त्याचा अर्थ पीळ, वळसा. ‘आणीबाणी’ हा शब्द मराठीत जुना असला, तरी २५ जून १९७५ नंतर त्याच्याकडे निर्विकारपणे पाहणे आमच्या आधीच्या पिढीला शक्य राहिले नाही.

आता या शब्दांबरोबर येणारी क्रियापदे पाहा. संकट येते, ओढवते, गुदरते, कोसळते. नशीब असेल तर टळते. प्रत्येक वाक्यात कर्ता संकट आहे. माणूस असतो, पण ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय लावून: माझ्यावर, आमच्यावर, शाळेवर. व्याकरणानेच आपल्याला खाली बसवले आहे, आणि जे काही करायचे ते संकट करणार आहे.

‘क्रायसिस’ची गोष्ट वेगळी आहे. हा शब्द ग्रीक. ‘क्रिनेइन’ म्हणजे वेगळे करणे, निवडणे, निवाडा करणे; त्यावरून ‘क्रिसिस’. हिप्पोक्रॅटिसच्या परंपरेतील वैद्यांनी तो रोग्याच्या उशाशी बसून वापरला. आजार एका टप्प्यावर येतो, तिथून तो उतरतो किंवा रोगी हातचा जातो. त्या निकालाच्या घटकेला ते क्रिसिस म्हणत. अशा घटका ठराविक दिवशी येतात, असे मानून ते दिवस मोजत. प्रतिजैविके नव्हती त्या काळात न्यूमोनियाच्या रोग्याचा ताप आठवड्याच्या सुमारास एकाएकी उतरे, त्यालाही डॉक्टर हाच शब्द योजीत. इंग्रजीत तो प्रथम वैद्यकाचा शब्द म्हणूनच आला. राज्यकारभार, व्यापार आणि शाळा यांच्या अडचणींना तो पुढे चिकटला.

याच ग्रीक धातूपासून ‘क्रिटिक’ म्हणजे पारख करणारा आणि ‘क्रायटेरियन’ म्हणजे कसोटी हे शब्द आले. लॅटिनमधील त्याच कुळातला एक शब्द आहे ‘क्रिब्रम’. त्याचा अर्थ चाळण. भाषाशास्त्रज्ञ या सगळ्या शब्दांच्या मुळाशी जो अर्थ मानतात, तो चाळण्याचा, निवडण्याचा. म्हणजे जगभरच्या वर्तमानपत्रांतून रोज गर्जणाऱ्या या शब्दाच्या तळाशी एक साधी चाळण आहे.

इथे एक इशारा द्यायला हवा. व्याख्यानांतून आणि मोबाइलवरच्या संदेशांतून आपण ऐकले असेल की, चिनी भाषेत क्रायसिससाठी जो शब्द आहे तो ‘धोका’ आणि ‘संधी’ या दोन चिन्हांनी बनतो. १९५९ मध्ये जॉन केनेडींनीही आपल्या भाषणांतून ते सांगितले. चिनी भाषेचे अभ्यासक मात्र म्हणतात की, त्या दुसऱ्या चिन्हाचा त्या शब्दातला अर्थ ‘संधी’ नसून ‘कलाटणीची वेळ’ असा आहे. मीही पूर्वी एका निरोप समारंभात हे वाक्य टाळ्या घेत वापरले होते. त्या तुकडीतील कोणी आज इथे असेल, तर माझी दुरुस्ती नोंदवून घ्यावी. संकटाला संधी म्हणून गोड करण्याची गरज नसते. ते कडूच असते. प्रश्न निवडीचा असतो.

आणि निवडीसाठी आपल्याला ग्रीकांच्या दारी जाण्याचेही कारण नाही. संस्कृतात ‘विच्’ नावाचा धातू आहे. त्याचा अर्थ वेगळे करणे, विशेषतः पाखडून दाणा आणि कोंडा वेगळा करणे. त्यावरून आपला शब्द झाला ‘विवेक’. ग्रीकांनी चाळण घेतली, आपण सूप घेतले. आपण विवेकाला इतक्या उंच आसनावर बसवले की त्याच्या हातातले सूप कुणाला दिसेनासे झाले. आणि व्याकरण पाहा: संकट येते, पण विवेक करावा लागतो. इथे माणूस कर्ता आहे.

शब्दांचे हे प्रकरण एवढ्यावरच थांबले असते, तर ते वर्गात सांगण्यापुरते ठीक होते. परंतु हीरक महोत्सवी वर्षाची अभ्याससहल म्हणून आम्ही नववीच्या मुलांना घेऊन तंजावरला गेलो, आणि तिथे हा विचार मला दगडात कोरलेला दिसला.

तंजावरशी आपले नाते आपल्याला ठाऊक आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे भोसल्यांची गादी स्थापन केली. तमिळ प्रजा, तेलुगू दरबारी परंपरा आणि मराठी राजघराणे अशा त्या तिहेरी प्रदेशात व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी मराठीत नाटके लिहिली, आणि तीही विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणण्याच्या सुमारे दीड शतक आधी. तंजावरचे हे वैभव सुरक्षित मात्र कधीच नव्हते. १७७३ मध्ये अर्काटच्या नवाबाने ते राज्य घेतले, १७७६ मध्ये ते तुळजाजींना परत मिळाले, आणि १७८१ मध्ये हैदर अलीच्या स्वारीने कावेरीचा सुपीक मुलूख उजाड झाला.

अशा राज्याचा वारसा एका दत्तक मुलाकडे आला. सरफोजी हे त्यांचे नाव, जन्म १७७७. दहाव्या वर्षी दत्तक गेले, आणि लगेचच दत्तकपिता निवर्तले. गादी अमरसिंहांकडे गेली. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने या मुलाचे पालकत्व सांभाळले. शिक्षणासाठी त्याला मद्रासला राहावे लागले. अखेर १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ रोजी, इंग्रज कंपनीशी झालेल्या तहाने राज्याचा कारभार त्यांच्या हातून गेला. त्याबदली वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा मिळायचा होता. वय अवघे बावीस. ‘संकट’ या शब्दाचा मूळ अर्थ इथे शब्दशः लागू होतो: पुढे वाट नाही, मागे वळायला जागा नाही.

या राजाने त्या घटकेला सूप हाती घेतले, असे मला वाटते. जे हातून गेले होते, ते त्यांनी गेले असे मानले. सैन्य, कर, सरहद्दी हा भाग पाखडून बाजूला पडला. जे उरण्यासारखे होते त्याकडे त्यांनी आयुष्याची पुढची तीस-बत्तीस वर्षे दिली. राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी वाढवले. काशीयात्रेला गेले तेव्हाही ग्रंथ मिळवून आणले. ‘धन्वंतरी महाल’ उभारून आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक यांचे उपचार एका छपराखाली आणले. डोळ्यांच्या रोग्यांच्या चित्रांसह ठेवलेल्या नोंदी त्या संग्रहात आजही आहेत. ‘नवविद्याकलानिधी’ ही पाठशाळा काढली. देवनागरी छापखाना घातला, आणि १८०६ मध्ये त्यातून ‘बालबोध मुक्तावली’ हे पुस्तक निघाले. ते इसापनीतीचे मराठी भाषांतर. मराठी मुद्रणाच्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. ग्रीसमधल्या गोष्टी, तमिळ मुलूख, मराठी भाषा आणि वाचक लहान मुले! राज्य गेलेल्या राजाला पहिल्या काही वर्षांत सुचलेले हे काम आहे.

त्याआधी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. १८०३ च्या डिसेंबरात, म्हणजे तहाला पुरती पाच वर्षेही झाली नव्हती तेव्हा, बृहदीश्वराच्या मंदिरात त्यांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत, देवनागरी लिपीत कोरवून घेतला. त्यांचे चिटणीस बाबुराव यांनी तो रचला होता. राजराज चोळाच्या तमिळ शिलालेखांनी भरलेल्या त्या मंदिरात ओळींमागून ओळी मराठी अक्षरे चालत राहतात. आमची मुले त्या भिंतीसमोर ज्या रीतीने गप्प झाली, तशी ती माझ्या तासाला कधी झालेली नाहीत.

तिथे एक वृद्ध गृहस्थ आमच्याजवळ आले. मुलांचे बोलणे ऐकून थांबले होते. “तुम्ही महाराष्ट्रातून आलात?” त्यांनी मराठीत विचारले. उच्चारांना तमिळ हेल होता, आणि मधूनमधून जुन्या पोथीतून उठून आल्यासारखे शब्द. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठीच बोलली जाते, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. मग त्यांनी भिंतीकडे बोट दाखवले आणि आमच्या एका विद्यार्थिनीला म्हणाले, “बाळ, एवढं वाचून दाखवतेस? मला हे वाचता येत नाही. आमची शाळा तमिळ.”

तिने वाचले. अडखळत वाचले, कारण दोनशे वर्षांपूर्वीची वाक्यरचना आणि दगडावरची अक्षरे. आजोबा डोळे मिटून ऐकत होते. एखाद्या शब्दाशी ती अडली की अर्थ ते सांगत. अक्षर ती सांगे. घराने त्यांना भाषा दिली होती, आणि आमच्या मुलीला शाळेने अक्षर दिले होते. ओळ पुरी व्हायला दोघेही लागले.

परतीच्या गाडीत मी त्याच दृश्याचा विचार करीत होते. घर भाषा जिवंत ठेवू शकते, तीनशे वर्षेसुद्धा ठेवू शकते. तंजावरच्या मराठी घरांनी ते सिद्ध केले आहे आणि त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण वाचनाची परंपरा घर एकट्याने टिकवू शकत नाही. सरस्वती महालात सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते आहेत. ती जतन करणारी संस्था आहे. ती वाचणारी मुले तिथल्या मराठी घरांतून येणे अवघड होऊन बसले आहे. यात त्या घरांचा दोष नाही. जिथे राहायचे तिथली भाषा शिकायची, हा त्यांचाही विवेकच होता. तंजावरच्याच मराठी समाजातून पुढे आलेले सर टी. माधवराव इंग्रजी शिकून त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण झाले. सुपातून काय उडून जाते, हे मात्र पाखडताना प्रत्येक वेळी दिसतेच असे नाही.

ग्रंथालयाचे पुढे काय झाले, तेही सांगते. १८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजी पुत्राविना वारले आणि कंपनीने राज्यच नव्हे, तर खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षी अंबाबाई साहेब न्यायालयात गेल्या. मद्रासचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. पुढे सरकारने मालमत्ता राजघराण्याला परत केली, आणि १९१८ मध्ये त्या घराण्यानेच ग्रंथसंग्रह लोकांसाठी खुला होऊ दिला. राज्य गेले, गादी गेली. चाळणीत राहिली ती पुस्तके.

आता मी आपल्या दारात येते. या शाळेत पहिलीच्या तीन तुकड्या असत. आज एक आहे. हे मी लपवणार नाही. काही वर्षांपूर्वी एक आई आपल्या मुलीचा दाखला न्यायला आली. ती आपलीच माजी विद्यार्थिनी. मी तिला मातृभाषेवर बरेच काही सुनावले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “बाई, तुम्ही म्हणता ते सगळं खरं आहे. पण विज्ञानाच्या कॉलेजात पहिलं वर्ष मी कसं काढलं, ते मला आठवतं. तेवढं तिच्या वाट्याला येऊ नये, याला तुमच्याकडे काय उपाय आहे?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी संकटाबद्दल बोलत होते, आणि ती निवड करीत होती. आज ती सभागृहात असेल, तर त्या दिवशीच्या माझ्या स्वराबद्दल मी तिची क्षमा मागते.

तेव्हापासून आम्ही शिक्षकांनी सूप हाती घेतले आहे. काय सोडता येईल? आठवीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकण्याची मुभा द्यावी, या प्रस्तावाला मी अनेक वर्षे विरोध केला. तो विरोध मी मागे घेतला आहे. मराठी माध्यम म्हणजे कच्चे इंग्रजी, हा जो समज आम्ही आमच्या आळसाने पक्का होऊ दिला, तोही कोंड्यात जाऊ दे. इंग्रजी पहिलीपासून नीट, बोलून, वाचून शिकवली पाहिजे, आणि त्यासाठी माझ्यासह आम्हा सर्वांना पुन्हा विद्यार्थी व्हावे लागेल.

काय सोडता येणार नाही? मूल पहिला विचार, पहिला प्रश्न आणि पहिले भांडण ज्या भाषेत करते, त्याच भाषेत त्याला अक्षरओळख व्हावी, समजून वाचता यावे. प्राथमिकची सर्व वर्षे इथे मराठीच राहील. रोजचा वाचनाचा तास कुठल्याही परीक्षेसाठी रद्द होणार नाही. आणि या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाने किमान काही मराठी पुस्तके अथपासून इतिपर्यंत वाचलेली असतील. ही माझी कसोटी आहे, आणि कसोटी व क्रायटेरियन हे एकाच कामाचे शब्द आहेत, हे आपण आता जाणताच.

माजी विद्यार्थ्यांनो, आपण इमारतीला भरभरून दिलेत, त्याबद्दल शाळा ऋणी आहे. आता मी वेळ मागते. आपल्यापैकी जे अभियंते, डॉक्टर, परिचारिका, हिशेबनीस, दुकानदार आहेत, त्यांनी महिन्यातून एक तास इथे येऊन आपले काम मुलांना दोन्ही भाषांत समजावून सांगावे. मराठीत शिकून पुढची पायरी कशी चढलात, कुठे घसरलात, तेही सांगावे. त्या आईच्या प्रश्नाचे खरे उत्तर माझ्या भाषणापेक्षा आपल्या त्या तासात आहे. पालकांना एवढीच विनंती, की मुलांना रात्री दहा मिनिटे मोठ्याने वाचून दाखवावे, किंवा त्यांच्याकडून वाचून घ्यावे.

हे सर्व करूनही शाळा आणखी साठ वर्षे चालेल, अशी हमी मी देऊ शकत नाही. ग्रीक वैद्यही त्या घटकेला हमी देत नसत. ते उशाशी जागे राहत. आपणही तेवढे करू शकतो.

निघताना तंजावरच्या त्या आजोबांनी आमच्या विद्यार्थिनीच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारले, “तुझ्या शाळेत अजून हे शिकवतात ना?” ती म्हणाली, “हो आजोबा, शिकवतात.” तिने आपल्या सर्वांच्या वतीने शब्द दिला आहे. तो पाळण्याचे काम आता आपले आहे.